टाकीतल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. तुमच्या घरी भिंतीवर जो गुळगुळीत पांढरा एसी मिरवत असतो, त्याचा मी गरीब चुलता समजा. माझे अंग पत्र्याचे, पोटात पाण्याची टाकी, तोंडावर आडव्या पट्ट्या आणि तिन्ही बाजूंना गवत भरलेली दारे. मी चालू झालो की इतका घरघरतो की लोकांना टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. सध्या माझा मुक्काम गुडगावात आहे. इथे उंचच उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्यातल्या एका साइटवर चौकीदाराच्या पत्र्याच्या खोलीत मी वारा घालतो. चौकीदार भला माणूस आहे, पण त्याला मराठी येत नाही. मला येते. ती मला कशी आली आणि ती आल्यामुळे मला काय काय मुकाट्याने ऐकावे लागले, तेच आज सांगणार आहे.

जन्माने मी पक्का दिल्लीवाला. यमुनेपलीकडे एका रस्त्याच्या कडेला पत्रा ठोकणाऱ्यांची दुकाने होती, तिथे माझा जन्म झाला. परदेशी कंपन्यांच्या वस्तू बाजारात नुकत्याच येऊ लागल्या होत्या, पण माझ्या अंगावर कुठल्याच कंपनीचे नाव नव्हते. दुकानदाराने पत्रा वाकवला, पंखा बसवला, वरून हिरवा रंग फासला आणि मला रस्त्यावर उभे केले. रंग वाळायच्या आत विलासरावांनी मला पसंत केले. ते मूळचे पुण्याचे. सरकारी नोकरी सोडून एका नव्या कंपनीत लागले होते आणि मयूर विहारच्या एका सोसायटीत त्यांनी नुकताच फ्लॅट घेतला होता. घरात पत्नी कल्पनाताई आणि आठ वर्षांची मृणाल. मागच्या खोलीच्या खिडकीत लोखंडी स्टँडवर मला बसवले, अर्धा घरात आणि अर्धा बाहेर.

मी घरी आलो तो दिवस गुढीपाडव्याचा. विलासरावांचे म्हणणे असे की नवी वस्तू आणायची तर पाडव्यालाच. मग माझा उन्हाळाही दर वर्षी पाडव्यालाच सुरू होऊ लागला. सकाळी गॅलरीत गुढी उभारायची, श्रीखंड-पुरी हाणायची आणि दुपारी विलासराव बनियनवर, हातात ब्रश घेऊन माझी टाकी घासायला बसायचे. जुने गवत काढायचे, नवे भरायचे, पाणी सोडायचे. पहिला गार झोत आला की कल्पनाताई माझ्या पत्र्याला हळदी-कुंकवाचे बोट लावायच्या. दिल्लीत कूलर ढिगाने आहेत, पण सवाष्णीसारखे हळदी-कुंकू लागलेला कूलर बहुधा मी एकटाच असेन.

ते दिवस फार छान होते. मे महिन्यात बाहेर लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, वाहायची आणि सगळे घर माझ्यासमोर गाद्या टाकून झोपायचे. पुण्याहून पाहुणे आले, तर माझ्यासमोरची जागा पटकावण्यासाठी जेवण लवकर आटपायचे. मृणाल माझ्या तोंडाशी तोंड आणून लांबलचक ‘आऽऽ’ करायची, आणि माझ्या पात्यांनी तिच्या आवाजाचे तुकडे तुकडे केले की खिदळत सुटायची. शाळेतल्या कागाळ्याही ती मलाच सांगायची. मराठी मी तिच्याकडूनच शिकलो. तिच्या मराठीत अर्धी हिंदी असते हे मला पुष्कळ उशिरा समजले.

थंडीत मला बाहेरून जुन्या चादरीत गुंडाळून ठेवत. माणसांना वाटते, कूलर थंडीत झोपतो. तो झोपत नाही. त्याला काम नसते, म्हणून तो ऐकत बसतो.

मृणाल अकरावीत गेली तेव्हा ती मागची खोली तिला अभ्यासासाठी दिली. त्या वर्षी ऑक्टोबर सरत आला तरी ती मला बंद करू देईना.

“शेजारीपाजारी रजया उन्हात घालताहेत आणि तुला कूलर हवाय?” कल्पनाताई म्हणाल्या.

“यार आई, मला गरम होतंय तर मी काय करू?”

कल्पनाताईंनी बटण बंद केले आणि त्या पोळ्या लाटायला गेल्या. मृणालने आपला तळहात माझ्या पत्र्यावर ठेवला. तिला गारवा हवा होता. मला मात्र त्या हातातली नाडी जाणवली आणि मी चमकलो. ती नुसती बसलेली होती, तरी तिचे काळीज जिना धावत चढल्यासारखे धडधडत होते.

मग हळूहळू सगळे बिघडत गेले. चार चार पोळ्या खाऊनही ती वाळत चालली. भूमितीची आकृती काढताना पेन्सिल थरथरायची, मग ती कागद फाडून टाकायची. शाळेची बस यायच्या आधी तिला मळमळायचे. दारावरची बेल वाजली तरी दचकायची. एकदा ती आईला म्हणाली, “मला ना, सारखं वाटतं की काहीतरी वाईट होणार आहे. काय ते माहीत नाही.” कल्पनाताईंनी तिला जवळ घेतले, बदाम भिजवून दिले, संध्याकाळी रामरक्षा म्हणायला बसवले. विलासराव ऑफिसातून यायचे ते दमूनभागून, तरी तिच्या खोलीत डोकावायचे. “टेन्शन सगळ्यांनाच असतं,” ते म्हणायचे. “इथे कॉम्पिटिशन आहे. थोडं टेन्शन हवंच, त्याशिवाय माणूस पुढे जात नाही.” त्यांचेही खोटे नव्हते. नव्या कंपनीत त्यांचा स्वतःचाच जीव टांगणीला लागलेला असे.

दोघांचाही मुलीवर जीव होता. ते मी शपथेवर सांगेन. पण कुणाच्याच हाती काही लागत नव्हते.

दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे कल्पनाताई मृणालला उटणे लावत होत्या. गळ्याशी त्यांची बोटे थांबली. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच थांबली. गळ्याच्या पुढच्या बाजूला मऊशी सूज होती. फराळाची ताटे तशीच राहिली आणि दिवाळी संपताच तिघे इस्पितळात जाऊन आले. रक्त तपासले. मृणालला थायरॉइडचा आजार निघाला.

त्या संध्याकाळी विलासराव मागच्या खोलीत खुर्ची ओढून बसले आणि ऑफिसात समजावतात तसे समजावू लागले. “हे बघ, गळ्यात एक ग्रंथी असते. तुझी जरा जास्तच काम करतेय. म्हणून गरम होतं, हात थरथरतात, छाती धडधडते. तुला जी भीती वाटते ना, तीही बरीचशी त्यातूनच येते. रोज गोळ्या घ्यायच्या. दोन-तीन महिन्यांत सगळं नॉर्मल. बिल्कुल काळजी करायची नाही.”

मृणालचा चेहरा जरा उजळला. मग ती म्हणाली, “आणि डॉक्टर शेवटी जे म्हणाल्या ते?”

“काय म्हणाल्या?”

“घसा दुखला किंवा ताप आला तर गोळी बंद करून लगेच रक्त तपासायला या. या गोळीने रक्तातल्या पेशी एकदम कमी होऊ शकतात.”

“फार क्वचित होतं म्हणाल्या ना. त्यांना ते सांगावंच लागतं.”

“पण झालं तर?”

“नको तेवढंच बरं लक्षात ठेवतेस,” कल्पनाताई म्हणाल्या. “घाबरू नकोस. आणि हे बघ, बाहेर कुणाला काही सांगायचं नाही. मुलीची जात आहे, उद्या उगाच चर्चा नको.”

डॉक्टरांनी सांगितलेल्या एवढ्या गोष्टींपैकी मृणालच्या मनात तेवढीच एक रुतून बसली होती, आणि ती उपटून काढायला कुणालाच वेळ झाला नाही.

पहिले काही दिवस तिने गोळ्या घेतल्या. रोज सकाळी खोलीचे दार लावून, हातात टॉर्च घेऊन कपाटाच्या आरशात ती घसा बघायची. पाच मिनिटांनी पुन्हा बघायची. गिळून बघायची. दिल्लीची थंडी पडू लागली होती, आणि त्या दिवसांत कुणाचा घसा धरत नाही? तिचाही धरला. ताप नव्हता, नुसती खवखव होती. पण ती पांढरीफटक पडली. डॉक्टरांकडे गेले आणि तेच निघाले तर, या भीतीने तिने आईला सांगितलेसुद्धा नाही. गोळी मात्र बंद केली. चार दिवसांत घसा आपसूक बरा झाला. झाले! गोळी सोडली म्हणून आपण वाचलो, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधून टाकली.

कल्पनाताई डोळ्यांत तेल घालून गोळी द्यायच्या. पाण्याचा पेला हातात द्यायच्या, तोंडात गोळी टाकलेली बघायच्या आणि डबे भरायला वळायच्या. गोळी तेव्हा मृणालच्या गालात असायची. मागच्या खोलीत येऊन ती दार लोटायची आणि माझ्या तोंडाच्या पट्ट्यांमधून ती आत सारायची. माझी टाकी कोरडी होती. गोळी तळाशी पडली की ‘टिक्’ असा आवाज यायचा. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असायचा, त्यात तो कुणाला ऐकू जाणार?

बघा आता. भीतीवर औषध म्हणून जी गोळी होती, ती गोळी भीतीच घेऊ देत नव्हती. हे अख्ख्या जगात दोघांनाच ठाऊक होते, एक मृणालला आणि दुसरे मला. तिची सांगायची हिंमत नव्हती. मी तर बोलूनचालून पत्रा. माझा प्लग काढलेला, अंगावर चादर. नुसते घरघरावे म्हटले तरी कुणीतरी बटण दाबावे लागते.

संक्रांतीनंतर घरी हळदी-कुंकू होते. मयूर विहारातल्या सगळ्या मराठी बायका आल्या. बाहेरच्या खोलीत गर्दी उडाली होती. तिळगुळाचे ताट आणि वाणाच्या स्टीलच्या वाट्या घेऊन मृणाल फिरत होती. शेजारच्या हेमलताकाकू म्हणाल्या, “अगं, किती बारीक झालीस! डाएट करतेस की काय?” सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मृणालचे हात कापू लागले, ताटातल्या वाट्या एकमेकींवर वाजू लागल्या आणि बघता बघता अर्ध्या वाट्या जमिनीवर गडगडल्या. ती धावत आत आली, दार लावले आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. तिला श्वास घेता येत नव्हता. तोंड उघडे, डोळे मोठे, दोन्ही हात छातीवर. एरवी मी घरभर वारा पुरवायचो, पण त्या वेळी या पोरीला श्वासभर वारा देणे माझ्या हातात नव्हते.

बाहेरून कल्पनाताईंचा हसरा आवाज आला. “अहो, बोर्डाचं टेन्शन घेतलंय आतापासूनच. आजकालच्या मुली म्हणजे ना!”

आत्ता आई दार उघडून आली असती, तर मृणालने सगळे सांगून टाकले असते, असे मला वाटते. आई आलीही, पण सगळ्या बायका गेल्यावर. तोवर मृणालने तोंड धुतले होते आणि पुस्तक उघडून बसली होती.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त तपासले. आजार कमी व्हायचा सोडून वाढला होता. डॉक्टर बुचकळ्यात पडल्या. त्यांनी गोळ्या वाढवल्या. माझ्या टाकीत आता रोज जास्त गोळ्या पडू लागल्या. मार्चमध्ये रिपोर्ट आणखी वाईट आला, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की औषध लागूच पडत नसेल तर गळ्याच्या ऑपरेशनचा विचार करावा लागेल. पाडवा झाला की मोठ्या सर्जनना दाखवायचे ठरले. त्या दिवशी विलासराव दिवेलागणीला माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. इतकी वर्षे त्यांनी माझी टाकी घासली, पण मी त्यांना रडताना कधी पाहिले नव्हते. जे औषध मुलीच्या पोटात गेलेच नव्हते ते हरले, असे समजून हा माणूस तिचा गळा कापायला द्यायला निघाला होता. आणि ते सगळे औषध त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर पडले होते. मित्रांनो, लाचारी म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळले.

मला एकच आशा होती, पाडव्याची. पाडव्याला टाकी उघडणार, गोळ्या दिसणार. मी ऊन कधी तापते याची वाट बघत होतो.

तेवढ्यात विलासरावांनी जाहीर केले, “यंदा पाडव्याला एसी आणायचा. माझ्या पोरीला गरम होतं ना? मग बस. कूलर काढून टाकू.”

मृणालने चमकून माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे दिसले. मी भंगारात गेलो की तिचे गुपितही माझ्याबरोबर जाणार होते. त्यानंतर तीच रोज विचारू लागली, “बाबा, एसी नक्की येणार ना?” विलासरावांना वाटायचे, लेक खूश आहे. ते बिचारे तेवढ्यावरच समाधान मानायचे. माझा मात्र जीव खाली-वर होत होता. मी गेलो की खरी गोष्ट सांगणारे काही उरणारच नव्हते.

पाडवा उजाडला. गुढी उभारून झाली. एसी बसवणारे दोघेजण दुपारी आले. त्यांनी माझी चादर काढली, तारा काढल्या आणि मला स्टँडवरून उचलले. एका बाजूने विलासरावांनी हात लावला होता. दारातून काढताना मला कलते केले, आणि माझ्या पोटातल्या सगळ्या गोळ्या या टोकाकडून त्या टोकाकडे खडखडत गेल्या.

“अंदर कुछ है, साब,” एकजण म्हणाला.

“खडे असतील,” मृणाल घाईघाईने म्हणाली. “बाबा, जाऊ दे ना.”

तिच्या आवाजात असे काहीतरी होते की कल्पनाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी माझे बाजूचे दार ओढून काढले. टाकीच्या कोपऱ्यात, धुळीत आणि गवताच्या काड्यांत, गोळ्यांचा ढीग होता.

मग विलासराव कडाडले. तिच्यासाठी काय काय केले, किती दवाखाने, किती रजा, हा एसी कुणासाठी आणला, सगळे बोलून झाले. मृणाल भिंतीला टेकून उभी होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, “मला त्या गोळीचीच भीती वाटते. मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, घाबरू नकोस.”

कल्पनाताई माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी टाकीतल्या गोळ्या एकेक करून पदरात गोळा केल्या. त्या फेकायच्याच होत्या, तरी केल्या. बाईमाणसाला काही सुचले नाही की तिचे हात काम शोधतात. त्या दिवशी त्या मृणालला एक शब्दही बोलल्या नाहीत. श्रीखंड कुणी खाल्ले नाही.

मला मागच्या बाल्कनीत ठेवले. माझ्या खिडकीत एसी बसला. मनातून राग आला, खोटे कशाला बोलू? पण बाल्कनीत सकाळचे ऊन चांगले यायचे आणि त्यामुळे पुढचे सगळे माझ्यासमोरच घडले.

डॉक्टरांनी ऑपरेशनचे नाव काढून टाकले आणि पुन्हा पहिल्यापासून गोळ्या सुरू केल्या. या वेळी ‘पण झालं तर?’ हा मृणालचा प्रश्न कल्पनाताईंनी स्वतः विचारला. डॉक्टरांनी पूर्ण उत्तर दिले. शिवाय त्याच इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी एक नेम घालून दिला. गोळी घेण्याआधी आईने दिवसाउजेडी मृणालचा घसा बघायचा. फक्त एकदा. दिसेल ते खरे सांगायचे. मग मृणालने पुन्हा बघ म्हटले, तर नाही म्हणायचे.

ऐकायला किती सोपे वाटते! रोज सकाळी दोघी बाल्कनीत यायच्या. मृणाल तोंड उघडायची. “लाल नाही. सूज नाही,” कल्पनाताई सांगायच्या. मग मृणाल तळहातावर गोळी घेऊन उभी राहायची आणि तिचे डोळे भरून यायचे.

“आई, अजून एकदा बघ ना. प्लीज. नीट बघ.”

“नाही, बाळा. आज बघून झालं.”

“एकदाच, आई.”

कल्पनाताई कठड्याला घट्ट धरून रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. मागे मुलगी रडायची. माझ्या बाजूने मला त्यांची बोटे पांढरी झालेली दिसायची. आईला मुलीला नाही म्हणणे किती जड जाते ते मी तिथे पाहिले. कधी गोळी लवकर पोटात जायची, कधी तिची शाळेची बस निघून जायची. मधूनच विलासराव यायचे, काही बोलायला तोंड उघडायचे आणि न बोलता आत जायचे. ही त्यांची प्रगतीच म्हणायची.

उन्हाळा संपता संपता तिची नाडी बरीच शांत झाली. अंगावर थोडे मांस आले. एका संध्याकाळी विलासराव रिपोर्ट घेऊन नाचत आले. “नॉर्मल! आता कसली भीती?” मृणाल म्हणाली, “बाबा, रिपोर्ट नॉर्मल आहे. मला अजून वाटते.” विलासरावांचा चेहरा पडला. ग्रंथी ताळ्यावर आली की भीतीही निमूट निघून जाईल असे त्यांना वाटले होते. ती गेली नव्हती. कमी झाली होती, पण तिने घर सोडले नव्हते. विलासराव माझ्यावरच टेकले आणि म्हणाले, “मग मी काय करू ते तूच सांग.” मृणाल म्हणाली, “काही करू नका. बसा थोडा वेळ.” ते बसले. माझा पत्रा वाकला, पण मी कुरकुरलो नाही.

पावसाळ्यानंतर एका सकाळी मृणाल एकटीच बाल्कनीत आली. चेहरा लाल होता. तिने माझ्या पत्र्यावर हात ठेवला आणि तो हात मला चटका बसावा इतका तापलेला लागला. तिने गिळून बघितले आणि तोंड वेडेवाकडे केले. तिचा घसा खरोखरच दुखत होता, तापही खरोखरच होता. ज्याच्या भीतीने वर्षभर ती मरत होती, ते आज दारात येऊन उभे राहिले होते. मी मनात म्हटले, आता ही लपवणार. आता ही पुन्हा तोंड शिवून बसणार.

“आई,” तिने हाक मारली. आवाज फाटला होता. “आई, घसा दुखतोय. ताप पण आहे. मला खूप भीती वाटतेय.”

कल्पनाताई हातातले पीठ न धुताच धावत आल्या. त्यांनी तिच्या कपाळाला मनगट लावले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनाही भीती वाटली, ती मला स्पष्ट दिसली. पण त्या ‘काही नाही गं’ म्हणाल्या नाहीत. ‘घाबरू नकोस’ही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मलाही वाटतेय. चल.”

त्या दिवसाची गोळी न घेताच तिघे निघाले. जाताना कल्पनाताईंनी हेमलताकाकूंच्या हातात घराची किल्ली दिली आणि जिन्यातच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “मृणालला थायरॉइड आहे. औषध चालू आहे, त्यात ताप आलाय. रक्त तपासायला नेतोय.” काकू म्हणाल्या, “अगं, मग आधी नाही का सांगायचंस? जा तू, मी आहे इथे.”

आणि नेमका त्याच दिवशी भंगारवाला येणार होता. विलासरावांनी त्याला आठवड्यापूर्वीच सांगून ठेवले होते. काकूंनी भलेपणाने दार उघडून दिले. तिघे परत यायच्या आतच मी हातगाडीवर पडून यमुनेच्या पुलाकडे निघालो होतो.

मग मला ठोकून-ठाकून पुन्हा उभे केले, दोन-तीन ठिकाणी विकले आणि आता मी इथे आहे. मृणालच्या रक्तात त्या दिवशी काय निघाले ते मला आजतागायत माहीत नाही. साधा घसा असेल, असे मी रोज मनाला समजावतो. तो नसेलही. मला विचारायला तोंड नाही आणि इथे सांगायला कुणी येत नाही.

मित्रांनो, माझ्या जातीची यंत्रे शेवटी सांगतात की आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी ते मागणार नाही. पत्रा गंजायचाच. पण तुमच्या घरात कुणी म्हणाले की मला भीती वाटते, तर एवढे करा. त्याला गप्प करू नका. कशाची, कधीपासून, किती, ते विचारा. मला सगळे ऐकू येत होते, पण एक प्रश्न विचारता येत नव्हता. तुम्हाला येतो.

आणि मयूर विहारात कधी मृणाल भेटली, तर तिचा रिपोर्ट विचारू नका. कसं वाटतंय, ते विचारा, आणि तिचे सांगून होईपर्यंत उठू नका.